निरोपाचा पट्टा

आमच्या वहिनीला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. तिला नापासबाई म्हणत, आणि तेही पाठीमागे, कारण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मशीनगनच्या पट्ट्याच्या कड्या तपासणं हे तिचं काम. पट्टा म्हणजे काडतुसांची लांबलचक माळ, आणि एका काडतुसाला दुसऱ्याशी जोडून ठेवते ती पोलादी कडी. बंदुकीच्या पोटातले लोखंडी पंजे हा पट्टा एकेक घर पुढे ओढतात, काडतूस कडीतून निसटतं, उडतं, रिकामी कडी बाहेर पडते. हे सगळं सेकंदाला दहा वेळा. एखादी कडी केसाएवढी आवळ निघाली, तर काडतूस अर्धवटच सुटतं आणि दातखीळ बसावी तशी बंदूक गप्प होते.

माप तपासायचं गेज वहिनी नंतर लावायची. आधी कडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवायची, आणि बहुतेक वेळा तिथंच निकाल लागायचा. नापास कडी लाल डब्यात अशी भिरकावायची, की जणू त्या कडीनं हिचं घोडं मारलंय. साच्यावरचे मिस्त्री तिला टरकून असत. त्यातल्या एकानं एकदा दात काढत विचारलं, "बाई, नवऱ्यालाही असंच तपासून घेतलं होतं का?"

"घेतलं होतं की," वहिनी हातातली कडी फिरवत म्हणाली. "पास होता. तुमच्या साहेबांनी मोडला."

तो मिस्त्री पुन्हा त्या खोलीत फिरकला नाही.

नवरा म्हणजे माझा दादा. चौदा वर्षांपूर्वी तो चाचणीच्या मैदानावर बंदूक चालवायचा आणि मी त्याच्या डाव्या हाताला बसून पट्टा धरायचो. त्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले होते, माल घेणारे. बंदूक मध्येच अडकली. अडकली की थांबायचं, साठपर्यंत मोजायचं आणि मगच वरचं झाकण उघडायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण तापलेल्या नळीत अडकलेलं काडतूस कधीही उडू शकतं. दादा मोजत होता. अठरापर्यंत आला होता. मागून साहेब आले आणि वाकून, दातओठ खात म्हणाले, "उघड. पाहुणे ताटकळलेत. उघड लवकर." दादानं उघडलं. उजवा डोळा गेला आणि तीन बोटं गेली.

चौकशीच्या कागदावर आलं, 'चालकाने आपणहून झाकण उघडले.' दादा घसा फोडून सांगत राहिला की साहेबांनी सांगितलं म्हणून. साहेब म्हणाले, मी अवाक्षरही काढलं नाही. ऐकू येईल इतक्या जवळ तिसरा माणूस मी एकटाच होतो. मला विचारलं, तर मी म्हणालो, "गोळीबारानं कान बधिर झाले होते. काही ऐकू आलं नाही."

चक्क खोटं बोललो. आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून फक्त एवढंच विचारलं होतं, "तू अजून कायम झालेला नाहीस ना?" बस, एवढ्यानं माझं पाणी पाणी झालं. महिन्याभरात मी कायम झालो आणि दादाला घरी बसवलं.

आम्ही एकाच घरात राहत होतो, ते दोघं पुढच्या खोलीत, मी मागच्या. दादा त्यानंतर पाच वर्षं जगला. शेवटी शेवटी तर दूधवाल्यालाही थांबवून सांगायचा, "मी मोजत होतो हो, खरंच मोजत होतो." वहिनीनं मला एकदाच विचारलं, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. "भावजी, खरंच ऐकलं नाहीत?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर तिच्या तोंडून मला कधी वाकडा शब्द आला नाही. वेळेवर ताट वाढलं, तापात रात्रंदिवस उशाशी बसली. शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटलो असतो. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिनं त्या घातल्या नाहीत.

दादा गेला आणि दोन महिन्यांत ती आमच्याच कारखान्यात झाडू मारायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, काम करायचंच तर दुसरीकडे बघू. तिथंच कशाला?"

"दुसरीकडे साहेब नाहीत," ती म्हणाली.

झाडूवरून ती कड्या मोजायला गेली आणि मोजता मोजता तपासायला शिकली. साहेबांना वाटलं, बिचारी पोटासाठी आली आहे. आपण किती मोठ्या मनाचे, असा आव आणून त्यांनी तिच्या बढतीवर सही केली. वहिनी त्यांना रोज सकाळी हात जोडून नमस्कार करायची. नमस्कार करताना आधी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बघायची, मग बोटांकडे. साहेबांच्या ते कधी लक्षात आलं नाही. माझ्या रोज लक्षात यायचं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. मोठा साहेब निवृत्त होताना मैदानावर जाऊन स्वतः एक पट्टा उडवतो. त्याला निरोपाचा पट्टा म्हणतात. साहेबांच्या घरची मंडळी खुर्च्यांवर बसतात, हारतुरे होतात, फोटो निघतात. हा पट्टा तपासणी खात्यातून येतो, म्हणजे वहिनीच्या हातून.

आमच्या साहेबांच्या निवृत्तीच्या सकाळी तिनं पट्ट्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. मी सवयीनं कड्यांवरून अंगठा फिरवत गेलो. विसाव्या की एकविसाव्या कडीपाशी अंगठा थबकला.

"वहिनी, ही कडी..."

"पास आहे."

"अहो, साहेबांचा डोळा जाईल."

"जाईना. तुम्हाला काय, काही ऐकलं नाही म्हणून सांगा."

पट्टा धरायला मीच बसणार होतो, तरी मी डबा उचलला. मलाही तो माणूस मातीत गेलेला बघायचा होता. एवढी वर्षं त्याच्यापुढे मान लववून माझी मान दुखत होती.

साहेब झोकात बंदुकीमागे बसले. समोर त्यांची बायको, दोन्ही जावई, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेब बाई. धडधड सुरू झाली, कड्या उडू लागल्या, जावयांनी टाळ्या पिटल्या. आणि बंदूक गप्प झाली.

साहेबांचा हात झाकणाकडे गेलाच नाही. विस्तव लागल्यासारखे ते मागे सरकले आणि ओरडले, "मागे व्हा! कुणी पुढे येऊ नका!"

वहिनी तपासणी खात्याची म्हणून पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या आत उभी होती. ती चार पावलं पुढे आली. आवाज जराही चढवला नाही.

"उघडा ना साहेब. पाहुणे ताटकळलेत. उघडा लवकर."

"वेड लागलंय का तुला? लगेच उघडायचं नसतं! डोळा जाईल माझा!"

हे सगळ्या मैदानानं ऐकलं. वहिनी म्हणाली, "मग माझ्या नवऱ्याला काय सांगितलं होतंत?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी काहीही सांगितलं नव्हतं. कागद आहे तसा. साक्षीदार आहे, हा काय इथंच बसलाय."

साक्षीदार त्यांच्यापासून हातभर अंतरावर मांडीवर पट्टा घेऊन बसला होता. नव्या बाई माझ्याकडे वळल्या. "काय ऐकलं होतंत तुम्ही?"

वहिनी माझ्याकडे बघतही नव्हती.

"ऐकलं होतं," मी म्हणालो. "साहेब म्हणाले, उघड लवकर. दादा मोजत होता. अठरापर्यंत आला होता."

साहेबांची बायको उठली. हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवून गाडीकडे चालू लागली, मागोमाग जावई. साहेब त्या अडकलेल्या बंदुकीपाशी एकटेच उरले. वहिनी त्यांच्याकडे बघून हसली. चौदा वर्षांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होतो, आणि ते हसू बघवत नव्हतं.

दुपारी ऑफिसात जबाब झाले. वहिनीनं पिशवीतून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. घरूनच लिहून आणला होता. म्हणाली, "कडी नापास होती. जाणूनबुजून मीच घातली. लिहा." नव्या बाईंनी लिहिलं. मग चौदा वर्षांपूर्वीच्या कागदाला दुरुस्ती जोडली, 'चालकाने वरिष्ठांच्या आदेशावरून झाकण उघडले.' वहिनीनं ती ओळ शब्दाशब्दावर बोट ठेवून दोनदा वाचली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"चला वहिनी," मी म्हणालो. "घरी जाऊ."

ती जागची हलली नाही. "अजून एक ओळ राहिली. साक्षीदारानं सगळं ऐकलं होतं आणि नोकरीसाठी खोटं सांगितलं. तेही लिहा."

नव्या बाईंनी पेन थांबवलं. "यांची नोकरी जाईल. पेन्शनही जाईल. आणि हे तुमचे दीर ना?"

"सख्खे दीर," वहिनी म्हणाली. "म्हणूनच लिहा."

बाईंनी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.