न विचारलेला पत्ता

माझ्या आईवडिलांची जन्मतारीख कागदोपत्री एकच आहे, एक जून. दोघांचीही खरी नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून लिहून टाकलेली. आमच्या तालुक्यात त्या वयाच्या निम्म्या माणसांची तीच असावी. मँचेस्टरच्या मोठ्या टीचिंग हॉस्पिटलात ही माहिती मला नडली.

मी तिथे न्यूक्लिअर मेडिसिनचं काम शिकत होते. किंचित किरणोत्सारी औषध शिरेत टोचायचं आणि ते शरीरात कुठे जाऊन बसतं ते कॅमेऱ्यावर पाहायचं. घरातली पहिली पदवीधर मी; असं काम हाती आलं याचं मला रोज अप्रूप वाटे. औषध आत गेलं की परत काढता येत नाही, म्हणून आधी तीन प्रश्न विचारायचे. नाव, जन्मतारीख आणि पत्ता पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगायचा. एक जरी जुळलं नाही तरी थांबायचं.

माझी ट्रेनर इंग्लंडातच जन्मलेली, लंडनच्या एजवेअर भागातल्या मराठी घरातली. पहिल्या दिवशी मी तिला ताई म्हटलं तर म्हणाली, "ताई नको गं, एकदम ओल्ड वाटते." तिच्या देखरेखीखाली मी टोचायचे. स्वतंत्रपणे टोचायची परवानगी मिळायला थोडीच इंजेक्शनं उरली होती.

त्या सकाळी हाडांच्या स्कॅनचा फॉर्म घेऊन मी वेटिंग रूममध्ये नाव पुकारलं. कानाला यंत्र लावलेले एक आजोबा उठले. मराठी ऐकून खूश झाले. नाव बरोबर सांगितलं. तारीख मात्र ऑक्टोबरातली सांगितली, साल एकाने मागे. फॉर्मवर होती एक जून.

मी हसलेच. म्हटलं, "शाळेतली वेगळी का हो, आजोबा?"

"आँ? हो हो, शाळा तिकडेच झाली," ते म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, इथल्या कुणाला न कळणारी गोष्ट मला कळली. ते पत्ता सांगू लागले होते, तर मी म्हटलं, "राहू द्या, बाही वर करा."

ट्रेनर काउंटरवर औषधाचं लेबल तपासत होती. तिने न वळता विचारलं, "तीनही झाले?"

"झाले," मी म्हणाले. तिने सही केली. मी टोचलं.

कापूस दाबून धरत मी सांगितलं, भरपूर पाणी प्या आणि तीन तासांनी या.

"मग आता चहा चालेल ना? कालपासून बंद केलाय तुम्ही लोकांनी."

चहा बंद करायला सांगतात ते हृदयाच्या स्कॅनआधी. हाडांच्या स्कॅनला चहाचं काही नसतं. मी यादी काढली. त्याच नाव-आडनावाचे दोन पेशंट होते. दुसरे गुजराती, एक जूनवाले, बाहेर पेपर वाचत बसलेले.

ट्रेनरजवळ जाऊन मी म्हटलं, "चुकीच्या माणसाला दिलं मी."

तिने आधी बाकीची इंजेक्शनं थांबवली, डॉक्टरांना बोलावलं आणि मगच माझ्याकडे पाहिलं. मी एक जूनचं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आईची पण तीच आहे. पण हॉस्पिटलमध्ये ती कधीच दुसरी डेट सांगत नाही. चाळीस वर्षं इथे फॉर्म भरतात हे लोक. त्यांना माहीत आहे कुठली सांगायची."



डॉक्टरांनी आजोबांना सगळं खरं सांगितलं. किरणोत्सर्ग थोडा आहे, पण नको असताना दिला गेला, आणि हृदयाचा स्कॅन आता पुढे ढकलावा लागेल. डॉक्टर गेल्यावर मी जवळ बसून माफी मागितली. आजोबा चिडले होते. "छातीत दुखतं म्हणून दोन बसा बदलून आलोय मी, मुली." थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाले, "तुला काढतील का? मी म्हणतो, मीच ऐकण्यात घोळ केला. मी बहिरा आहे, कुणालाही पटेल."

ते पटलंही असतं. "नको, आजोबा," मी म्हणाले, पण मोह झाला नाही असं नाही.

दुपारी घटनेचा अहवाल लिहायला बसले. दुसऱ्या तपासनीसाने खात्री केली होती का, असा एक रकाना होता. "दोघींनी तपासलं" एवढं लिहिलं असतं तर दोष निम्मा तिच्याकडे गेला असता. मी लिहिलं की तिने विचारलं, पत्ता विचारला नसतानाही मी 'झाले' असं सांगितलं, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

तिने ते उभ्यानेच वाचलं. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, की तिने वळून स्वतः ऐकायला हवं होतं. सही केली. माझ्या वहीतली इंजेक्शनं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील, असं तिने मला इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. तिचं वागणं सभ्य आहे, शिकवतेही मन लावून. पेशंट समोर आला की ती आता माझ्या शेजारी येऊन उभी राहते, इतकी जवळ की तिच्या बाहीचा स्पर्श होतो, आणि मी पहिला प्रश्न विचारते.