बाई क्रमांक सात

मावशी ती सगळ्यांचीच. जी पोरं सांभाळायची त्यांची मावशी, त्यांच्या आईबापांची मावशी, समोरच्या दुकानदाराचीसुद्धा मावशी. सख्खी भाची मात्र एकच. बहीण गेल्यावर पदराखाली घेतलेली, वाढवलेली, शिकवून नर्स केलेली.

मावशीचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सतरंज्या, खेळणी आणि खुंट्यांवर प्रत्येक पोराची पिशवी. आतल्या खोलीत दुपारी ओळीनं झोपणारी पिल्लं. मावशीचं तोंड फटकळ, हात मऊ. उशिरा येणाऱ्या बापाला ती दारातच झापायची, "या साहेब, आठवलं का आपल्याला एक मूल आहे ते?" बाप बिचारा ओशाळून हसायचा. त्या वस्तीत पाळणाघर एवढं एकच होतं आणि दुसरं कुणाला नकोही होतं.

एक गोष्ट तिनं पोटात ठेवली होती. तिला फिट यायच्या. पहिली आली ती लग्नानंतर, सासरी. त्या भल्या माणसांनी आठवड्याच्या आत तिला माहेरी आणून सोडलं, वर 'आमची फसवणूक केलीत' म्हणून तिच्याच वडिलांना सुनावलं. पुढे गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, कित्येक वर्षांत एकही आली नाही. तरी मावशी जपून असायची. बाळ कडेवर घेऊन कधी गॅसपाशी उभी राहिली नाही, मदतनीस बाई घरात असल्याशिवाय कुणाला आंघोळ घातली नाही. पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कशाला काढावं? एकदा कळलं तेव्हा संसार गेला, आता हातचं कामही घालवायचं?

हे ठाऊक होतं एकट्या भाचीला. आणि ठाऊक असूनही ती आपली छकुली रोज सकाळी बिनघोर मावशीच्या कडेवर देऊन कामावर जायची. मावशीला जगात कशाचा आधार वाटत असेल तर तो याचा.

नोकरी सांभाळून भाचीनं सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेश घेतला. वर्गात सगळी आरोग्याच्याच धंद्यातली, पण जो तो वेगळ्या गावचा. हिच्या गटात एक दातांचा डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक फिजिओथेरपीवाली मुलगी. पाहणीसाठी चौघं याच वस्तीत आली. मावशीनं चहा दिला आणि लगेच फैलावर घेतलं.

"दातवाला, गोळीवाला, कंबरवाली आणि ही आमची सुईवाली! चौघं मिळून एक माणूस तरी बरा कराल का रे?"

"मावशी, एकेक माणूस नाही, अख्खी वस्ती बरी करायला शिकतोय आम्ही," दातवाला म्हणाला.

"असं होय! मग माझी दाढ बसते दुखत."

विषय त्यांनी घेतला होता, लोक आजार का लपवतात. आता लपवणारा माणूस आपण होऊन बोलायला येईल होय? दारोदार फिरून चौघांच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे सहा बायका बोलल्या, त्याही हातचं राखून. शेवटी भाची एकटीच मावशीकडे येऊन बसली. "तू बोल ना माझ्याशी. तुझं नाव कुठ्ठं येणार नाही, शपथ."

मावशीनं आधी तिला हाकलून दिलं. मग पोरीचं अडलंय म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच हाक मारली. रेकॉर्डिंग लावलेला फोन मध्ये ठेवून सगळं बोलली. सासरचं बोलली, वडिलांची खाली गेलेली मान बोलली, सकाळची गोळी ती पोरांचं दूध ढवळता ढवळता कशी पाठमोरी होऊन गिळते तेही बोलली. बोलताना रडली. भाचीनं हात धरून ठेवला होता. मावशीला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की तिनं पोरांना दोनदा गोष्ट सांगितली.

त्या अभ्यासात एक रीत असते. ज्या वस्तीकडून ऐकलं, तिला जे सापडलं ते परत जाऊन सांगायचं. रीत चांगलीच आहे हो. तर एका शनिवारी वस्तीच्या सभागृहात पडदा लागला, खुर्च्या मांडल्या. मावशी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत, मांडीवर छकुली. आजूबाजूला पाळणाघरातल्या पोरांचे आईबाप. मावशीच्या कौतुकाला नुसतं उधाण आलं होतं.

भाची उभी राहिली. पडद्यावर आलं, 'बाई क्रमांक सात'.

"या बाई पन्नाशीच्या आहेत," भाची वाचू लागली. "फिट येते म्हणून सासरच्यांनी सोडलेलं. एकट्या राहतात, लहान मुलं सांभाळतात. सकाळची गोळी त्या मुलांचं दूध ढवळताना लपून घेतात."

नाव नव्हतं. नावाची गरज कुणाला होती? आधी एक मान वळली, मग रांगच्या रांग वळली. भाची मात्र पडद्याकडे बघून वाचतच होती, आणि शेवटी टाळ्या पडल्या त्या तिच्या सरांच्या.

बाहेर दारात वरच्या मजल्यावरच्या बँकवालीनं मावशीला गाठलं. तिची जुळी मावशीच्याच अंगाखांद्यावर वाढत होती. ती भांडली नाही, तिचे डोळे भरले होते. "मावशी, आम्ही डोळे मिटून मुलं दिली हो तुमच्याकडे. फसवलंत आम्हाला."

पुन्हा तेच. मावशीला वाटलं, सांगावं की बाई गं, एकदा तरी तुझ्या लेकरांच्या जिवाशी खेळले का मी? पण ती तशीच चपला सरकवून चालू लागली. तिच्या अंगाची लाही लाही होत होती, आणि तो राग बँकवालीवर नव्हता.

संध्याकाळी भाची धावत आली. "मावशी, मी नाव घातलं नव्हतं गं!"

"नाव तेवढं माझ्यापाशी ठेवलंस. बाकी काय ठेवलंस?"

सोमवारी मावशीनं नेहमीसारखं दार उघडलं, सतरंज्या घातल्या. जुळी आली नाहीत. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा मुलगा आला नाही. मदतनीस बाई उगाच तीच खेळणी पुन्हा पुसत राहिली. मग ओळखीची पावलं वाजली आणि मावशी लगबगीनं दाराशी गेली. कुणी येवो न येवो, ही येणार होतीच.

भाची आली होती, एकटीच. कडेवर कुणी नव्हतं.

"छकुलीला ताप आहे का गं?"

"नाही." भाची उंबऱ्याबाहेरच थांबली. "सासूबाई ऐकेनात. सभेत होत्या ना त्या. म्हणतात, थोडे दिवस नको. मी... तिची पिशवी न्यायला आले."

"आणि तू काय म्हणतेस?"

भाचीची नजर खुंटीकडे गेली.

मावशीनं खुंटीवरची पिशवी काढली. वाळत घातलेले दोन फ्रॉक घडी करून आत ठेवले आणि पिशवी पुढे केली.

"त्यांना परवा कळलं गं. तुला तर पहिल्यापासून माहीत होतं."

"हो," भाची म्हणाली, आणि तिनं पिशवी घेतली.