गादीमागचा माणूस

"ऊठ. गादी मळते."

जिनिंगचे मालक नाना एवढंच म्हणाले. ओरडूनही नाही. माशी हाकलावी तसा हात हलवला. मी गादीच्या कोपऱ्यावर जेमतेम टेकलो होतो. गुडघा सुजला होता आणि सकाळपासून मी उभाच होतो. मी उठलो. माझ्या कपड्यांना कापसाचे तंतू चिकटले होते, हे खरं. पण लोडाला टेकून बसलेल्या नानांच्या भाच्याच्या अंगालाही तेवढेच चिकटले होते. आम्ही दोघं एकाच ढिगातून उठून आत आलो होतो. त्याच्यानं गादी मळत नव्हती.

दाराबाहेर पायरीवर माझा बाप बसला होता. त्यानं हे पाहिलं आणि मान खाली घातली. मला गादीवरून उठवलं त्यापेक्षा ती खाली गेलेली मान मला जास्त लागली. अजून लागते.

बाप सालदार. वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाच्या शेतात राबणारा गडी. उभा जन्म त्यानं तेच केलं. मालकाच्या ओट्याला त्याची पाठ कधी लागली नाही. त्याच्या आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी. गावात कोणीही भेटला की सांगायचा, "मना पोऱ्या जिनिंगमा शे. कापूस पारखस. त्याना हातमा नजर शे." त्या दिवशी शेजारच्या भाऊंचा कापूस घेऊन पिकअप शिंदखेड्याकडे निघाली, तर हा मुद्दाम सोबत आला. पोराचं काम डोळ्यांनी पाहायचं होतं त्याला.

आता माझं काम काय होतं, ते सांगतो.

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मशीन आहे, काटा आहे, ओलावा मोजायचं यंत्र आहे. पण सौदा आधी हातावर ठरतो, मशीनचा कागद मागून येतो. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची. धागा किती लांब, किती दमाचा, माल ओला की कोरडा, बोटांना कळतं. माझ्या बोटांना कळतं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाड न उपटता घेतलेला मागचा कापूस, चांगल्या मालात मिसळला असेल तर मी डोळे मिटून सांगतो. हे मला कोणी शिकवलं नाही. सतरा वर्षं ढिगात उभं राहून शिकलो.

पण खरेदीदार आले की बोलायचं गादीवर बसलेल्यानं. गादीवर नानांचा माणूस. मी त्याच्यासमोर, खरेदीदारांच्या पाठीमागे, भिंतीला लागून. नमुना आधी माझ्या हातातून गेलेला असायचा. मी कानाला हात लावला की माल ओला. हनुवटी खाजवली की फरदड. कॉलर नीट केली की माल उत्तम, भाव सोडू नका. तो माझ्याकडे ओझरतं बघायचा, रुई ओढल्यासारखी करायचा आणि माझं बोलणं स्वतःच्या तोंडानं बोलायचा. खरेदीदार म्हणायचे, "क्या हाथ है आपका." तो हसायचा.

गादीवर असे चार जण बसले. आधी नानांचा मेहुणा, मग एक पुतण्या, मग व्याह्यांचा मुलगा, आता भाचा. चौघांना रुई ओढायला मी शिकवलं. पहिल्याची आता नरडाण्याला स्वतःची जिनिंग आहे. दुसरा बोदवडला मॅनेजर आहे. माणसं गादीवर यायची आणि पुढं जायची. मी भिंतीपाशी.

आणि मला याचा अभिमान होता. हे लिहायला लाज वाटते, पण होता. माझ्यावाचून इथं पान हलत नाही, असं मी बायकोला सांगायचो. नाना म्हणायचे, "तू काय नोकर आहेस का? घरचा माणूस तू." मी फुलायचो. घरच्या माणसाला हुद्दा लागत नाही, कागद लागत नाही, खुर्ची लागत नाही, हे मला सतरा वर्षं कळलं नाही. कापूस कळायचा, माणूस कळला नाही.

गादीवरून उठवलं त्याच्या महिनाभर आधी पहिला फटका बसला. जळगावच्या एका जिनिंगला ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, हवा होता. मोबाइलवर जाहिरात आली, अनुभवाचा दाखला आणा म्हणून. मी नानांकडे दाखला मागितला. कारकुनानं रजिस्टर काढलं, त्यात बघून दाखला लिहिला आणि शिक्का मारून दिला. "सदर इसम आमच्याकडे हमाल म्हणून काम करतो."

मी दोनदा वाचलं. नानांसमोर गेलो.

"अरे, कागदाचं काय घेऊन बसलास? तू घरचा माणूस," नाना म्हणाले.

मी दाखला घडी करून खिशात ठेवला आणि ढिगावर गेलो. याचा राग मला नानांपेक्षा माझाच जास्त येतो. तो कागद महिनाभर खिशात बाळगला आणि भाच्यासमोर कॉलर नीट करत राहिलो.

मग तो दिवस. गादीवरून उठलो आणि माझ्या जागी भिंतीशी गेलो. दक्षिणेकडच्या सूतगिरणीचे दोन खरेदीदार आत आले. चहा आला. कागदात गुंडाळलेला नमुना उघडला. सकाळीच मी तो पाहिला होता. त्यात फरदड होती, भरपूर. भाच्यानं रुई उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दाराकडे पाहिलं. बाप पायरीवर तसाच, पाय आखडून बसलेला, जिनिंगच्या कामात आपली अडचण नको म्हणून.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

भाच्यानं पुन्हा पाहिलं. मी हललो नाही. त्यानं रुई आणखी एकदा ओढली. "धागा एकोणतीस मिलिमीटर. कोरडी. एक नंबर," तो म्हणाला. थोरल्या खरेदीदारानं स्वतः चिमूट घेतली, ओढली, बोटांवर चोळली आणि कागदावर परत ठेवली. "इसमें फरदड मिला है," तो म्हणाला. चहा तसाच टाकून दोघं उठले.

गाडी फाटकाबाहेर गेली. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गादीवर बसेल त्यानं सांगायचं, नाना. मी हमाल. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

नाना लाल झाले. मग दाराकडे पाहून, बापाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सालदाराचं पोर शेवटी सालदारच."

मी बाहेर आलो. बापाला हाताला धरून उठवलं. भाऊंची पिकअप काट्यावर होती, तिची वाट पाहिली नाही. आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. त्यानं एकदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुना पाय दुखस का?"

"नाही, आबा."

आणखी थोडं चालल्यावर म्हणाला, "माले वाटे तू बठीसन काम करस."

पोरगा बसून काम करतो, असं वाटायचं त्याला. मी भर रस्त्यात रडलो. चाळिशीतला माणूस, बापाच्या मागून चालत रडलो. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. बहुतेक मुद्दामच.

त्यानंतर गावात त्यानं माझ्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. कोणी विचारलं तर "शे बरा" एवढंच. पौषात तो गेला. मी कापूस पारखतो, हे त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळालं नाही, आणि आता मिळणार नाही.

दसवं झाल्यावर मी जळगावला गेलो. तीच जिनिंग, ग्रेडरची जागा अजून भरली नव्हती. टेबलापलीकडे एक साहेब, अलीकडे एक रिकामी खुर्ची.

"अनुभव?"

"सतरा वर्षं. ग्रेडर."

"दाखला?"

मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "यावर तर हमाल लिहिलंय."

"खोटं लिहिलंय. रुई मागवा."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. बसा म्हणाले नव्हते. मी खुर्ची ओढली आणि बसलो.

इथं नाही म्हणाले तर बोदवडला जाईन. तिथं नाही म्हणाले तर आणखी पुढं. हातगाडी ओढायची वेळ आली तर तीही ओढेन, आणि कोणी विचारलं तर हमाल आहे म्हणून सांगेन. पण माझ्या बोटांना कळलेलं दुसऱ्याच्या तोंडातून निघणार नाही. रुईची पारख मी बसून करीन आणि माझ्या तोंडानं सांगेन.