शेवटच्या 'या'चे दोन ठिपके

इन्शिराहमावशीने इजिप्तमधल्या मन्सूरा शहराच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं पहिलीच्या मुलांना अरबी मुळाक्षरं शिकवली. निवृत्त झाली तरी ती स्वस्थ बसली नाही. आमच्या इमारतीच्या दरवानाची बायको, उम्म रजब, म्हणजे रजबची आई, हिला औषधाच्या बाटलीवरचं नावही वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी म्हणून मावशीने पहिला व्हिडिओ केला. आवाज तिचा, पडद्यावर मोठी मोठी अक्षरं, आणि सगळी जुळवाजुळव माझी, म्हणजे तिच्या भाचीची. अक्षरांचा फॉन्ट मीच शोधून उतरवून घेतला. 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं त्यावर लिहिलं होतं, आणि तेव्हा आमचं काम वैयक्तिकच होतं.

दोन वर्षांत दक्षिणेतल्या अस्यूतपासून उत्तरेतल्या दमियातपर्यंतच्या बायका हे धडे पाहू लागल्या. व्हिडिओंवर जाहिराती आल्या. काम नक्की कधीपासून वैयक्तिक राहिलं नाही, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

मग कैरोहून मार्लीन नावाच्या मुलीचं पत्र आलं. तो फॉन्ट तिने चार वर्षं खपून घडवला होता. तिच्या तक्रारी दोन. जाहिराती असलेल्या व्हिडिओत वापरायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो. आणि आम्ही तिचं एक अक्षर बदललं होतं. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'या' ह्या अक्षराखाली मी दोन ठिपके चिकटवले होते.

"अलिफ हे पहिलं अक्षर काय तिच्या आजोबांनी शोधलं?" मावशी फणकारली. मी म्हटलं, अक्षरं सगळ्यांची, पण हे वळण तिने काढलेलं आहे. उत्तर न देता गुपचूप फॉन्ट बदलून टाकू, असंही मीच सुचवलं.

"वर्गात दुसऱ्याचं उतरवणाऱ्या पोराला मी उभं करायचे," मावशी म्हणाली. "लाव फोन."

फोनवर तिने आधी सरळ माफी मागितली. माझं नाव घेतलं नाही. मार्लीनने तिला शिक्षिकेला म्हणतात तसं 'अब्ला' म्हटलं, पण आवाज कोरडाच होता.

"अब्ला, परवान्याचं समजू शकते मी. पण ठिपके का? इजिप्तमध्ये शेवटच्या 'या'ला कोण ठिपके देतं?"

"कोणी देत नाही. तुला-मला वाचता येतं म्हणून चालतं ते. माझ्याकडच्या एकीच्या नवऱ्याचं नाव अली. ठिपक्यांवाचून ते आणि 'वर' या अर्थाचा 'अला' हा शब्द हुबेहूब सारखे दिसतात. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव वाचायला बसली, आणि चुकली. वही मिटून उठून गेली बाई. दुसऱ्या दिवशी मी ठिपके द्यायला लावले."



"हे मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं, पोरी."

मार्लीनने परवान्याची रक्कम सोडली नाही, मावशीनेही सोड म्हटलं नाही. तीन महिन्यांनी फॉन्टची नवी आवृत्ती आली. तिच्यात 'या' दोन तऱ्हांचा होता, बिनठिपक्यांचा आणि ठिपक्यांचा. ठिपके माझ्यापेक्षा कितीतरी नेटके बसले होते.

जुने व्हिडिओ राहू द्या, असं मार्लीन म्हणाली होती. उतरवलेलं ते उतरवलेलंच, म्हणून मावशीने ऐकलं नाही. बासष्टच्या बासष्ट काढून नव्याने करायचे ठरले. पण त्यांच्याखालच्या प्रतिक्रियांत बायकांनी आपली पहिली वाक्यं लिहिली होती, तीही पुसली जाणार होती. मावशी सबंध आठवडा त्यांपुढे बसून एकेक वाक्य वहीत उतरवत होती. चुकाही जशाच्या तशा.

नवे व्हिडिओ अजून जुन्यांच्या निम्म्यानेही पाहिले जात नाहीत. मी एकदा तसं बोलून दाखवलं. मावशीने मान हलवली आणि पुढच्या धड्यासाठी घसा साफ केला.