कदम मॅडमची सही

वृद्धाश्रमाच्या तपासणीला गेल्यावर कदम मॅडम ऑफिसात कधी बसत नसत. मालक चहा मागवायच्या आत त्या आतल्या खोलीत शिरत, एखाद्या आजीच्या खाटेवर पायथ्याशी बसत आणि हळूच चादर वर करून तिच्या टाचा बघत. "तोंड घाबरून खोटं बोलतं," त्या मला म्हणत, "टाचेला ते जमत नाही." पडून पडून चिघळलेली टाच दिसली की त्यांचा आवाज एकदम खाली येई. मालक लोक त्या खालच्या आवाजालाच घाबरत.

मी समाजकल्याण खात्यात नवी होते, त्यांच्या हाताखाली शिकत होते. मॅडम नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या, तेव्हा त्यांची चाळही पाडून झाली होती. मी नोकरीला लागले त्या काळात फ्लॅटमध्ये पाचसहा म्हातारी माणसं ठेवून चालवलेली घरं गिरगावपासून लालबागपर्यंत गल्लोगल्ली निघाली होती. बहुतेकांची नोंदणीच नव्हती. ठाकूरद्वारच्या एका घरात एका आजोबांचे हात ओढणीने खाटेला बांधलेले सापडले. मॅडमनी स्वतः गाठी सोडल्या आणि ते घर बंद करवलं. थोड्याच दिवसांत त्याच मालकाने पलीकडच्या गल्लीत दुसरी पाटी लावली. मी चिडले. त्या म्हणाल्या, "चिडून काय करतेस? चप्पल घाल. तिकडे जाऊ."

परळचं घर मात्र वेगळं होतं. निवृत्त नर्स सावंत सिस्टर जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सहा आजींना सांभाळत. सगळ्यांच्या टाचा स्वच्छ. राणेआजी मालवणकडच्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्यासाठी सिस्टर बाजारातून बांगडे आणून त्यांचं तिकलं, मालवणी तिखट कालवण, करत. पण जिना एकच, लाकडी, अरुंद. खिडक्यांना पक्क्या जाळ्या. नियमाप्रमाणे तिथे खाटेवरचं माणूस ठेवताच येत नव्हतं. मॅडमनी दोनदा मुदत वाढवून दिली आणि स्वतः तळमजल्याच्या जागा शोधत फिरल्या. एकाही सोसायटीने होकार दिला नाही. रोज दारात ॲम्ब्युलन्स नको, असं म्हणत.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात गॅसच्या नळीने पेट घेतला. शेजाऱ्यांनी आग विझवली, पण तोवर खोलीभर धूर झाला होता आणि राणेआजींना खाली आणणं कुणालाच जमलं नव्हतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी बंदीच्या आदेशावर सही केली. सिस्टरनी वाद घातला नाही. कुणाला चहा कसा लागतो, कुणाला अंधाराची भीती वाटते, ते त्या आजींना न्यायला आलेल्या गाडीतल्या मदतनीस बाईंना सांगत राहिल्या. राणेआजींनी मॅडमचा हात धरला. "बाय माझे, माका खंय नेतंस?"

मॅडम म्हणाल्या, "चांगल्या ठिकाणी, आजी."

ठिकाण खरंच चांगलं होतं. शहराबाहेर, मोठं, नोंदणीकृत. लिफ्ट, डॉक्टर, सगळं. मॅडम दर रविवारी तिथे जात. राणेआजी हळूहळू बोलेनाशा झाल्या. संस्था शाकाहारी होती, पण तक्रार त्यांनी कशाचीच केली नाही. "जेवाण बरा आसा," एवढंच म्हणाल्या, "पण गळ्याखाली उतरणा नाय." सिस्टर मुलीकडे नाशिकला गेल्या होत्या. दिवाळीच्या आधी आजी गेल्या. गावच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, तुम्हीच उरकून घ्या.

स्मशानात आम्ही दोघीच होतो. तिथल्या कर्मचाऱ्याने विचारलं, "मयताच्या तुम्ही कोण?"

"मी तिचं घर बंद केलं," मॅडम म्हणाल्या.

तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. ओळखीच्या आहोत, असं मी सांगितलं.

बाकावर बसल्यावर मी धीर करून विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर त्या सही करतील का.

"करीन. पुन्हा आग लागली असती तर सहाही गेल्या असत्या." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण सही बरोबर होती म्हणून ही मेली नाही, असं होत नाही ना गं."

अस्थी घ्यायला हाक आली. मी उठायच्या आत त्या पुढे झाल्या. मडकं अजून गरम होतं. पदर गुंडाळून त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि गाडीत मांडीवरून खाली ठेवलं नाही.