पेपरबाईंचं इंग्रजी

पेपर वाचताना पेपरबाई नाकातून हसायच्या. तोंड मिटलेलं, भुवया वर, आणि नाकातून एक बारीक ‘हं!’. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण छापून आलेलं असलं की हा आवाज ओळीओळीला निघे. नगरचा पेपर दुपारच्या एस्टीने यायचा आणि बाई तो थांब्यावरच उभ्याउभ्या वाचायच्या. पारावरची रिकामटेकडी मंडळी त्यांच्याकडे टकामका बघत बसायची. बाईमाणसाने चारचौघांत पेपर वाचावा, वर हसावं, हे त्यांना भलतंच वाटे. स्वतः त्यांनी पेपराचा उपयोग तंबाखूची पुडी बांधण्यापलीकडे कधी केला नव्हता. ‘पेपरबाई’ हे नाव त्यांनीच कुचेष्टेने पाडलं आणि आम्ही पोरांनी ते प्रेमाने उचललं.

आमचं गाव तिसगावच्या पुढे, कोरड्या रानात. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. निम्मं गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि शाळा सुटली की आम्हीही जात असू. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, परीक्षेत दरसाल सगळे इंग्रजीत गडगडायचे. आधीचे मास्तर छडीने इंग्रजी शिकवत; छडी तेवढी लक्षात राहिली. त्यांच्या जागी आलेल्या पेपरबाईंनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, “कामावर मुकादम काय ओरडतो रे?”

“मस्टर, बाई!”

“आणखी?”

“गँग! पेमेंट! टँकर आला!”

“एवढं इंग्रजी येतंय आणि घाबरता कशाला?” बाई म्हणाल्या. खडीवरच्या शब्दांना कुणी विद्या म्हणेल, असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग रोज एक बातमी. आधी मराठीत वाचायची, मग तिचं सोप्या इंग्रजीत नाटक करायचं. “सुरुवात पुढाऱ्यापासून करू,” बाई म्हणायच्या. “त्याला मोजकेच शब्द लागतात. बघू, करू, देऊ. झालं त्याचं भाषण.” मंत्री व्हायला मुलगे लाजत, म्हणून मंत्री मी. बाईंच्या छत्रीचा दांडा धरून मी ऐटीत वर्गात शिरायची आणि ‘वी विल सी, वी विल डू’ म्हणत बाकांमधून फिरायची. हसता हसता शब्द तोंडात बसत. पाठ म्हणून काही केल्याचं मला आठवतच नाही.

बाई गोड बिलकुल नव्हत्या. माझा उच्चार अडखळला की म्हणायच्या, “आला का टँकर घाटात?” संध्याकाळी त्यांच्या खोलीवर शिकायला गेलो, की पेपर वाचता वाचता भाकरी करपवायच्या आणि तीच आम्हाला खायला घालायच्या. पण त्या खोलीतून हिरमुसून कुणी गेलं नाही. केडगावला त्यांचे वडील लकव्याने अंथरुणाला खिळलेले होते आणि सगळं घर बाईंच्या पगारावर चालत होतं. नोकरी मात्र टेंपररी. जूनमध्ये कायम करू, असा शब्द आबांनी दिला होता.

आबा म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे चेअरमन. कडक इस्त्रीची टोपी, बोटात तीन अंगठ्या आणि इंग्रजीच्या नावाने आवळ्याएवढं पूज्य. गॅदरिंगला बाईंनी आमचं ‘मंत्र्यांचा दौरा’ हे इंग्रजी नाटक बसवलं. मंत्री खडीवरच्या बाईला विचारतो, ‘व्हॉट डू यू ईट?’ ती म्हणते, ‘मिलो, साहेब.’ रेशनवर मिळणारी ती तांबडी परदेशी ज्वारी गुरंही हुंगून सोडत. ‘इज इट गुड?’ ‘यू ईट, साहेब.’ ‘आय ॲम नॉट हंग्री.’ शेवटी मंत्री विचारतो, ‘व्हेअर इज वॉटर?’ आणि ती म्हणते, ‘इन युवर स्पीच.’

आबांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. त्यातला ‘स्पीच’ एवढा एकच शब्द त्यांच्या ओळखीचा, तेव्हा आपल्याच भाषणाची तारीफ चालली आहे, असा त्यांचा समज. अर्थ कळलेले मास्तर माना खाली घालून हसत होते. आबांना अर्थ सांगायची छाती एकाचीही झाली नाही. स्टेजवर चढून आबा म्हणाले, “पोरं काय फाडफाड इंग्रजी बोलत्यात! पुढल्या म्हैन्यात खुद्द मंत्रीसाहेब दौऱ्यावर येनार हायेत. त्यांच्याम्होरं ह्येच नाटक झालं पायजे. जसंच्या तसं!”

“बाई, जरा सौम्य करा. तुमचं कायम व्हायचंय,” हेडमास्तरांनी हात जोडले.

“आबांनी जसंच्या तसं सांगितलंय, सर. बदललं तर त्यांचा अपमान व्हायचा.”

त्यांच्यादेखत बाई असं बोलल्या. संध्याकाळी खोलीवर मी म्हटलं, “बाई, तुमची नोकरी गेली तर?” त्या म्हणाल्या, “मलाही भीती वाटते गं. तुम्हीच बघा. यात जे खोटं असेल, तेवढं काढून टाका.” आम्ही सगळं नाटक पुन्हा म्हणून पाहिलं. काढण्यासारखं काही सापडलं नाही.

दौऱ्याच्या दिवशी नाटक जसंच्या तसं झालं. मंत्र्यांना इंग्रजी येत होतं. पहिल्या वाक्यालाच ते पोट धरून हसू लागले. शेवटी रुमालाने डोळे टिपत म्हणाले, “आबा, तुमच्या शाळेत तर आम्हाला इंग्रजीत जोडे मारतात की!” आणि हसत हसतच मोटारीत बसून गेले. हसायला त्यांचं काय जात होतं? पाणी त्यानंतरही आलं नाही. बाई म्हणाल्या, “चिडला असता तर बरं वाटलं असतं.” मला तर त्या माणसाच्या हसण्याची किळस आली.

चिडले ते आबा. दुसऱ्या दिवशी सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले, “बाई, तुमी लई शान्या हायेत. आमच्या शाळंला येवढं शानं मानूस न्हाई झेपायचं. उद्यापासून येऊ नका.” गॅदरिंगला हसलेले सगळे मास्तर चहाच्या कपात बघत राहिले. ‘हे चूक आहे,’ एवढे तीन शब्द कुणाला मराठीतही सुचले नाहीत. त्या कपांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

बाई लगेच गेल्या नाहीत. परीक्षा महिन्यावर आली होती, म्हणून खोलीवरच आम्हाला शिकवत राहिल्या. परीक्षा संपली, बाई केडगावला गेल्या आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. पण त्या महिन्यातली एक संध्याकाळ सांगायलाच हवी.

आबांची मुलगी शकू आमच्याच वर्गात होती. चेअरमनची पोर स्टेजवर शोभत नाही, म्हणून तिला नाटकात येऊ दिलं नव्हतं. सावेडीतलं एक स्थळ मॅट्रिक पास मुलगीच मागत होतं, आणि शकूचं इंग्रजी कच्चं. आबांनी गड्याबरोबर तिला सरळ बाईंच्या खोलीवर धाडलं. ज्यांच्या पोटावर पाय दिला, त्यांच्याच दारात! त्यांच्या जागी मी असते तर दार लावून घेतलं असतं. बाईंनी सतरंजी पसरली.

शकूने बातमीसाठी पेपर उघडला. पहिल्याच पानावर हार घातलेल्या आबांचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, ‘गावचा पाणीप्रश्न सुटला’. बाईंनी झटकन पान उलटलं. शकूने ते परत आणलं.

“बाई, हीच घ्या.”

“ही नको, शकू. ते तुझे वडील आहेत.”

“म्हनूनच घ्या,” शकू म्हणाली. “आमच्या बी आडाला पानी न्हाई.”