वाफेची तक्रार

रुग्णालयाच्या लाँड्रीची सूत्रं ज्यांच्या हातात होती, त्या बाईंना पन्नाशीत पुन्हा विद्यार्थिनी व्हावं लागलं, आणि तेही नेतृत्व शिकायला. उभा जन्म माणसांना कामाला लावण्यात गेलेला, त्यामुळे हसावं की रडावं हेच त्यांना कळेना. पण विभागप्रमुख व्हायचं तर पदव्युत्तर पदवी हवी, असा नवा नियम निघाला होता.

गटाने मिळून करायचा प्रकल्प म्हणजे तर निव्वळ वैताग. बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना कामं वाटून दिली, मग एकेकाचं तपासलं, आणि शेवटी सगळं स्वतःच नव्याने लिहून काढलं. प्रकल्प झकास झाला आणि बाई नापास झाल्या, कारण गुण सोबत्यांनी द्यायचे होते. या कुणाचं ऐकून घेत नाहीत, असं साऱ्यांनी लिहिलं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. राबायचं आपण आणि शेरे मारायचे यांनी!

अभ्यासक्रमाच्या सरांनी एक शेवटची संधी दिली. आपल्या कामाच्या जागी एक दिवस तोंड न उघडता बसायचं आणि जे दिसेल ते लिहून आणायचं. हेही फसलं तर ते पद बाईंनीच हाताला धरून शिकवलेल्या सहायकाला मिळणार होतं.

तशा बाईंच्या डोक्याला आधीच ताप कमी नव्हते. लाँड्रीत वाफेची एक मोठी इस्त्री होती. बाई दारात आल्या रे आल्या की ती दोनदा फुस्स करून वाफ सोडायची. मेकॅनिकने ती सगळी खोलून पाहिली आणि काहीही बिघाड नाही म्हणाला. बाईंनी त्याची वरपर्यंत तक्रार केली आणि बिचाऱ्याला लेखी ताकीद मिळाली. घरी नवऱ्याचा खोकला होता. दिवसभर ठणठणीत असलेला माणूस बाई घरी पोचायच्या सुमारास खोकायला लागायचा. छाती साफ आहे, असं डॉक्टर सांगत. पण डॉक्टरांना काय कळतंय, म्हणून बाई स्वतः समोर उभं राहून त्याला औषध पाजत.

ठरल्या दिवशी कुणी यायच्या आत बाई चादरींच्या कोठीत जाऊन बसल्या. कोठीच्या जाळीतून सगळी लाँड्री दिसत होती. माणसं आली, यंत्रं सुरू झाली, गप्पा रंगल्या, एकीने गाणं धरलं. शस्त्रक्रियेच्या खोलीतली एक चादर भलत्याच ढिगात पडली, तशा बाई ताडकन उठल्या. पण त्याआधीच घड्या घालणाऱ्या एकीने ती उचलून जागच्या जागी ठेवली होती. आपली माणसं इतकी हसतात, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. मनातून त्या थोड्या खट्टू झाल्या.

एवढ्यात बाहेरच्या काचेवरून बाईंच्या कोटासारखाच एक पांढरा कोट सरकला. इस्त्रीवाल्या मावशीने पायाखालची कळ दोनदा दाबली. फुस्स, फुस्स. गाणं म्हणणारी मधेच थांबली, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कोटवाली पुढे निघून गेली. ती रक्त तपासणारी मुलगी होती.

"अगं, त्या नव्हत्याच," मावशी हसत म्हणाली. "उगीच वाफ घालवली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर जाऊन एकेकीची हजेरी घ्यावी असं वाटलं. पण गप्प बसायचं होतं. त्या दात आवळून दुपारच्या सुट्टीपर्यंत बसून राहिल्या, आणि तोवर रागाची जागा लाजेने घेतली होती. विनाकारण बोलणी खाल्लेला मेकॅनिक राहून राहून डोळ्यांसमोर येत होता. त्याच्यावरची तक्रार उद्याच मागे घ्यायची, असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळी घरी जाताना सवयीने त्यांनी औषधाची नवी बाटली घेतली. जिना चढता चढता आतून लेकीचं खिदळणं ऐकू आलं. नवराही कशावर तरी पोट धरून हसत होता. बाईंनी कुलपात किल्ली घातली.

आतून खोकल्याचा आवाज आला. एकदा, मग आणखी एकदा. टीव्ही बंद झाला आणि हसणंही.

बाईंचा हात किल्लीवर तसाच राहिला. दाराबाहेरूनच त्या म्हणाल्या, "अहो, हसत होतात ना, हसा की."

मग औषधाची बाटली जिन्याच्या कठड्यावर ठेवून त्यांनी किल्ली फिरवली.